डावीकडे अनरीड ७, आत एकही नाही: आउटलूक आणि थंडरबर्ड फोल्डरची यादी नेमकी कुठं साठवतात

फोंड्याहून एका पोराने विचारलंय. सीएच्या ऑफिसात आहे, मुळात अकाउंट्सला लागलेला, पण कॉम्प्युटर जमतो म्हणून प्रिंटरपासून मेलपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्याचा प्रश्न असा: साहेबांच्या आउटलूकमध्ये डाव्या बाजूला इनबॉक्ससमोर ७ लिहून येतंय, म्हणजे सात न वाचलेले, पण आत बघितलं तर जाड अक्षरातला एकही मेल नाही. पीएसटी फाइल, म्हणजे आउटलूक ज्यात सगळे मेल ठेवतं ती, २८ जीबीची. साइझप्रमाणे सॉर्ट केलं की पहिल्यांदा दोन मिनिटं नुसतं फिरत बसतं, लगेच परत केलं तर चटकन येतं, म्हणजे कुठंतरी साठवून ठेवत असणार, मग ती कॅशची फाइल कुठाय आणि ती उडवली तर सगळं ताजं होईल का. शेजारच्या टेबलावर थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम आहे, तिथं कोणीतरी एमएसएफ फाइल उडवली आणि बिघडलेला फोल्डर ठीक झाला, तसंच इथं करू का.

करू नको. निदान हे वाचून होईपर्यंत हात लावू नको.

आधी एक गोष्ट डोक्यात बसव, बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं. इनबॉक्स उघडल्यावर जी यादी दिसते, कोणाकडून, विषय, तारीख, साइझ, अटॅचमेंटची पिन, ती दरवेळी एकेक मेल उघडून बनवत नाहीत. चाळीस हजार मेल एकेक उघडून विषय वाचत बसलं तर सकाळी चालू केलेलं आउटलूक जेवायच्या सुट्टीला यादी दाखवेल. म्हणून प्रत्येक मेल प्रोग्राम यादीपुरती एक वेगळी नक्कल करून ठेवतो. आपल्याकडे गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो ना, तसं समज. जमीन तिकडं सत्तरीत पडलीय आणि तू कचेरीतला कागद बघून सांगतोस नाव कोणाचं, क्षेत्र किती, लागवड कसली. उताऱ्यात चूक झाली म्हणून जमीन जागची हलत नाही, पण उतारा समजून कोणी जमीनच फुंकली तर मग बस बोंबलत.

तर मेलचं कुठलंही दुखणं आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, इथं जमीन कुठल्या फाइलमध्ये आणि उतारा कुठल्या फाइलमध्ये. थंडरबर्डमध्ये दोन वेगळ्या फाइली असतात. आउटलूकच्या पीएसटीत दोन्ही एकाच फाइलच्या पोटात. आणि ओएसटीत, म्हणजे सर्व्हरवरच्या खात्यासाठी आउटलूक बनवतं त्या फाइलीत, अख्खी फाइलच उतारा, जमीन सर्व्हरवर, म्हणजे जवळजवळ अख्खी, त्या 'जवळजवळ'ने लोकांना रडवलंय, ते पुढं सांगतो.

थंडरबर्ड आधी घेतो कारण तुझ्या डोक्यात फाइल उडवायची आयडिया तिथूनच आली. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये शिर, पीओपीचं (मेल उतरवून मशीनवर ठेवणारं) खातं असेल तर 'मेल' आणि आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) असेल तर 'आयमॅपमेल' नावाचं फोल्डर दिसेल. आत 'इनबॉक्स' नावाची एक जाडजूड फाइल, पुढं डॉट काहीच नाही, आणि तिच्याशेजारी 'इनबॉक्स डॉट एमएसएफ'. ती बिनशेपटीची फाइल म्हणजे एमबॉक्स, सगळे मेल एकाखाली एक चिकटवलेले, प्रत्येक मेलच्या आधी 'फ्रॉम' आणि एक स्पेस अशी सुरू होणारी ओळ, बास, इतकं साधं. एमएसएफ म्हणजे मेल समरी फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडून बघ (कॉपी काढून मग उघड). टेक्स्टच आहे पण वाचवत नाही, कारण ती मॉर्क नावाच्या नेटस्केपच्या काळातल्या फॉरमॅटमध्ये असते, वर शब्दांची डिक्शनरी, प्रत्येक शब्दाला एक हेक्स नंबर, आणि खाली टेबलांमध्ये नुसते ते नंबर. काही बदललं की जुनं खोडत बसत नाही, खाली नवीन जोडत जातं, म्हणून दोन-चार हजार मेलच्या फोल्डरचीही एमएसएफ बघता बघता फुगते. प्रोग्रामर लोक या मॉर्कला गेली वीसेक वर्षं शिव्या घालतायत, पण अजून पुरता सुटला नाही.

या एमएसएफमध्ये दोन प्रकारची माहिती असते. एक दर मेलची, म्हणजे विषय, पाठवणारा, तारीख, वाचलाय का, कुठल्या थ्रेडमधला (मूळ मेल आणि त्याची उत्तरं यांची साखळी), एमबॉक्समध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतो. दुसरी अख्ख्या फोल्डरची, म्हणजे एकूण किती, न वाचलेले किती, सॉर्ट कशाप्रमाणे, कुठले कॉलम दाखवायचे, थ्रेड करून की सपाट. आणि एक हुशारीची गोष्ट म्हणजे ती एमबॉक्सची साइझ आणि तारीखही लिहून ठेवते. फोल्डर उघडताना थंडरबर्ड बघतं, शेजारच्या फाइलची साइझ-तारीख माझ्याकडं लिहिल्यासारखीच आहे का. नसेल तर उतारा जुना झाला, टाक फेकून, आणि मग एमबॉक्स पहिल्यापासून वाचून नवीन बनवतं. खाली समरी फाइल बनवतोय असं कधी कधी येतं ना, ते हेच. ही युक्ती थंडरबर्डची स्वतःची पण नाही, त्याच्या आधी युडोरा होतं त्यात एमबीएक्स फाइलशेजारी टीओसी नावाची फाइल असायची, काम तेच, भांडणंही तीच.

सेव्ह्ड सर्चवाल्या फोल्डरची गंमत वेगळी. 'गेल्या महिन्यातले जीएसटीचे मेल' असा सेव्ह्ड सर्च केलास तर त्याची व्याख्या, म्हणजे काय शोधायचं आणि कुठल्या फोल्डरात, ती व्हर्च्युअलफोल्डर्स डॉट डॅट नावाच्या फाइलमध्ये जाते, पण सापडलेल्या मेलची यादी ज्या ज्या फोल्डरात शोधलं त्यांच्याच एमएसएफमध्ये एक टेबल करून ठेवलेली असते. म्हणून इनबॉक्सची एमएसएफ उडवलीस की इनबॉक्स ठीक होतो आणि तो सेव्ह्ड सर्च पहिल्या वेळी रखडतो. बिघडलेलं काही नसतं, परत शोधतोय इतकंच.

एमएसएफ उडवल्यावर वाचलेलं-न वाचलेलं, तारा, हे जातं का? पीओपीच्या फोल्डरात जात नाही, कारण या खुणा एमबॉक्समध्येच प्रत्येक मेलच्या डोक्यावर एक्स-मोझिला-स्टेटस नावाच्या ओळीत असतात. डिलीट केलेला मेलसुद्धा तिथं नुसती एक खूण होऊन पडलेला असतो, कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे फाइल आवळून मोकळी जागा काढेपर्यंत, खरा पुसला जात नाही. आयमॅप असेल तर खुणा सर्व्हरवर. जातं ते सॉर्ट आणि कॉलमची मांडणी, तेवढंच.

आता माझी स्वतःची करणी सांगतो, म्हणजे तू करणार नाहीस. २००७ च्या सुमाराची गोष्ट, वास्कोला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात, ४० जीबीची हार्डडिस्क गच्च भरलेली, मला म्हणाले जागा करून दे. मी प्रोफाइलमध्ये गेलो, एमएसएफ फाइली बघितल्या, नावापुढं एक्स्टेंशन आहे म्हणजे कामाच्या असणार, आणि ही शेजारची पांढऱ्या कोऱ्या आयकॉनची, डॉट काहीच नसलेली ७०० एमबीची फाइल म्हणजे काहीतरी अर्धवट उरलेला कचरा. शिफ्ट-डिलीट. थंडरबर्ड उघडलं आणि इनबॉक्स कोरा करकरीत. पीओपी, सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक काढलेली. तीन वर्षांचे मेल. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं.

डिस्क काढून पणजीला आणली, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर लावलं. एमबॉक्स साधं टेक्स्ट असतं म्हणून 'फ्रॉम'च्या ओळी हुडकत हुडकत साधारण अर्धे मेल तुकड्यातुकड्यांनी निघाले. पण मला खरी चुटपुट लागली ती वेगळीच. मी थंडरबर्ड उघडलं नसतं तर एमएसएफ शाबूत होती, म्हणजे जमीन गेली तरी उतारा हातात होता, कोणाचा मेल, कुठल्या तारखेचा, काय विषय, सगळी यादी. ती घेऊन पार्ट्यांना फोन करून परत पाठवा म्हणता आलं असतं. मी उघडलं, त्याने बघितलं एमबॉक्स शून्य बाइटची, साइझ जुळत नाही, आणि इमानेइतबारे उतारा पण कोरा करून टाकला. तेव्हापासून नियम एकच, काहीही करायच्या आधी प्रोग्राम बंद आणि अख्ख्या फोल्डरची कॉपी बाहेर.

आणि एमएसएफ हाताने उडवायची गरजही नसते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं रिपेअर फोल्डर. तेच काम, चुकीची फाइल उडायची भीती नाही. हां, थंडरबर्डमध्ये डावीकडचे आकडे आणखी तिसऱ्या ठिकाणी असतात, पूर्वी पॅनेसिया डॉट डॅट, आता फोल्डरकॅश डॉट जेसन, कारण चालू होताना पन्नास फोल्डरांच्या पन्नास एमएसएफ उघडायला नकोत. डावीकडं आकडा एक आणि आत वेगळंच, हे दुखणं तिथं या फाइलीमुळे होतं, आणि ही मात्र प्रोग्राम बंद करून बिनधास्त काढता येते, परत बनते.

आता तुझी पीएसटी. इथं शेजारी कुठलीच कॅशची फाइल नाही, शोधू नको, मिळणार नाही. सगळं त्या २८ जीबीच्या आत.

मायक्रोसॉफ्टने २०१० साली पीएसटीचा आतला नकाशा जाहीर केला, त्यामुळे हे आता अंदाजाने बोलावं लागत नाही. पीएसटी म्हणजे मुळात एक छोटा डेटाबेस. आतल्या प्रत्येक वस्तूला ३२ बिटांचा एक नंबर, त्यातले खालचे ५ बिट सांगतात ही वस्तू कुठल्या प्रकारची आणि वरचे २७ बिट म्हणजे तिचा अनुक्रमांक. फोल्डर असेल तर प्रकार २, मेल असेल तर ४. आता मजा बघ, एक फोल्डर म्हणजे एक वस्तू नसते, चार असतात. एक फोल्डर स्वतः (नाव, एकूण मेल, न वाचलेले किती), दुसरी त्याच्या पोटातल्या सबफोल्डरांची यादी, प्रकार १३, तिसरी मेलची यादी, प्रकार १४, आणि चौथी लपलेल्या मेलची यादी, प्रकार १५. चौघांचा अनुक्रमांक एकच, फक्त शेवटचे ५ बिट वेगळे. एकाच घरातले चार भाऊ, आडनाव एक, असं.

तू जी यादी बघतोस ती हा तिसरा भाऊ, कंटेंट्स टेबल. एका मेलला एक ओळ, ओळीचा नंबर म्हणजे त्या मेलचाच नंबर. ओळीत विषय, पाठवणारा, कोणाला, पोचल्याची वेळ, साइझ, महत्त्व, वाचलं-न वाचलंची खूण वगैरे. मेलचा मजकूर त्यात नाही. आणि या ओळीतलं सगळं मेलच्या स्वतःच्या वस्तूतही असतंच, म्हणजे तीच माहिती दोनदा. एक बारीकशी गंमत, विषयाच्या सुरुवातीला 'आरई' असलं तर आत साठवताना विषयाच्या आधी दोन न दिसणारी अक्षरं असतात, दुसरं अक्षर सांगतं की सुरुवातीचा किती भाग 'आरई' समजून सोडायचा. विषयाप्रमाणे सॉर्ट केल्यावर उत्तरं मूळ मेलच्या शेजारी येतात ती त्याच्यामुळे.

तर आता ते ७ कुठून आले. न वाचलेल्यांचा आकडा पीएसटीत किती जागी आहे मोज. फोल्डरच्या स्वतःच्या वस्तूत एक. वरच्या फोल्डरच्या सबफोल्डर यादीत इनबॉक्सची जी ओळ आहे तिच्यात परत तोच आकडा. मग कंटेंट्स टेबलच्या प्रत्येक ओळीत वाचलंयची खूण, आणि शेवटी प्रत्येक मेलमध्ये तीच खूण. साहेबांनी एक मेल उघडून वाचला की चार जागी बदल व्हायला पाहिजे. त्यात नेमकी वीज गेली, पहिल्या पावसात आपल्याकडं कधी जाईल सांगता येत नाही, इन्व्हर्टर आहे पण त्याची बॅटरी गेल्या चवथीपासून मेलेली, की काही जागी नवीन आणि काही जागी जुनं राहतं. फाइलच्या अगदी पहिल्या भागात, हेडरमध्ये, एक खूण असते की जागेचा हिशेब बरोबर आहे की लिहिता लिहिता राहिला. पुढच्या वेळी आउटलूक म्हणतं ना की फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासतोय, ते असल्याच खुणांवरून. पण तो तपास मुख्यतः जागेचा, कुठला ब्लॉक मोकळा कुठला भरलेला. न वाचलेले खरोखर सात आहेत का हे मोजत कोणी बसत नाही.

यूपीएस लावा म्हणून मी गेली वीस वर्षं सांगतोय. लोक तीन हजार वाचवतात आणि मग मला बोलावतात.

वीज हे एक कारण झालं. दुसरं, आणि सीएच्या ऑफिसात हे हमखास असतं, पीएसटी सर्व्हरवर किंवा शेअर केलेल्या ड्राइव्हवर ठेवलेली. तसं आहे का बघ. मायक्रोसॉफ्टच सांगतं की नेटवर्कवरून पीएसटी वापरू नका. वायफाय अर्धा सेकंद गेलं तरी लिहिणं अर्धवट राहतं. लोकल डिस्कवर ठेव, रात्री आउटलूक बंद करून सर्व्हरवर कॉपी मार.

करायचं काय? पहिलं, आकडा खोटा आहे हे आधी ठरव. निम्म्या वेळा आकडा बरोबर असतो आणि यादीच लपवत असते. खाली स्टेटस बारवर फिल्टर लावलाय असं काही लिहिलंय का बघ. कोणीतरी व्ह्यूमध्ये फिल्टर लावून विसरलेलं असतं. नाहीतर तारखेत घोळ असलेला मेल, पाठवणाऱ्याच्या मशीनचं घड्याळ चुकलेलं, तो यादीच्या पार तळाला जाऊन बसलेला. म्हणून वरचं 'अनरीड' बटण दाब. तिथंही काही नाही आणि फिल्टरही नाही, मग आकडा खोटा.

व्ह्यूवरून आठवलं, यादी कशी दाखवायची, कुठले कॉलम, कुठला रंग, कुठला फिल्टर, हे आउटलूक कुठं ठेवतं? तो चौथा भाऊ. लपलेल्या मेलच्या यादीत. तू बनवलेला प्रत्येक व्ह्यू म्हणजे आतून एक मेलच असतो, फक्त न दिसणारा. म्हणून पीएसटी दुसऱ्या मशीनवर नेलीस तर फोल्डरचे व्ह्यूही बरोबर जातात. व्ह्यूच बिघडलाय असं वाटलं तर आधी व्ह्यू टॅबमधलं रिसेट व्ह्यू, आणि अगदीच ऐकत नसेल तर आउटलूक क्लीनव्ह्यूज हा स्विच लावून चालू करायचं. पण सांगून ठेवतो, क्लीनव्ह्यूज सगळे स्वतः बनवलेले व्ह्यू साफ करतं. साहेबांनी क्लायंटवार रंग लावून ठेवले असतील तर आधी विचार, नाहीतर ऐन ३१ जुलैच्या तोंडावर तुझं काही खरं नाही.

आकडा खोटा निघाला तर स्कॅनपीएसटी, मायक्रोसॉफ्टचंच पीएसटी दुरुस्त करायचं टूल. ऑफिसच्या इन्स्टॉल फोल्डरमध्येच असतं, स्टार्ट मेनूमध्ये दिसत नाही. आउटलूक बंद कर, टास्क मॅनेजरमध्ये खरंच बंद झालंय बघ, पीएसटीची कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढ, आणि ज्या ड्राइव्हवर पीएसटी आहे तिथं अजून तीसेक जीबी मोकळी ठेव कारण ते स्वतः बॅकअप करायचं विचारतं, त्याला हो म्हण. २८ जीबीला बराच वेळ घेईल, लावून घरी जा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. संपल्यावर लॉगची टेक्स्ट फाइल मिळते, ती वाच. 'कंटेंट्स टेबलमधली ओळ आतल्या वस्तूशी जुळत नाही' अशा अर्थाच्या ओळी दिसतील, म्हणजे उतारा एक सांगतो आणि जमीन दुसरं. आता वरचं सगळं वाचल्यावर तुला ती ओळ कळेल, बहुतेकांना नुसती घाबरवते. तेवढ्याच असतील तर काळजी नको, टूल ती यादी मेलवरून परत जुळवून घेतं. एकदा दुरुस्त केल्यावर परत चालव, परत काही सापडलं तर परत, एकही चूक येत नाही तोवर. कुठल्याच यादीत नसलेले मेल सापडले तर 'लॉस्ट अँड फाउंड' किंवा रिकव्हर्ड नावाच्या फोल्डरात टाकतं, ते उघडून बघितल्याशिवाय उडवू नको. कधी कधी साहेब वर्षभर शोधत असलेला मेल तिथं निघतो.

ते साइझप्रमाणे सॉर्टचं. तुझा अंदाज बरोबर आहे. कंटेंट्स टेबलमधल्या ओळी तुला पाहिजे त्या क्रमाने रचलेल्या नसतात, पहिल्यांदा सॉर्ट करताना सगळ्या ओळी डिस्कवरून आणून क्रम लावावा लागतो. दुसऱ्यांदा लगेच येतं ते एक तर मेमरीत असतं म्हणून. आणि दुसरं म्हणजे पीएसटीत खरंच साठवलेल्या व्ह्यूसाठी वेगळे प्रकार राखून ठेवलेत, १० नंबर साध्या फोल्डरच्या यादीसाठी आणि १९ नंबर सर्च फोल्डरसाठी. मायक्रोसॉफ्टच्या कागदात त्यांच्यापुढं इतकंच लिहिलंय की अंतर्गत, साठवलेल्या व्ह्यूशी संबंधित. आत कसं रचलंय ते दिलेलं नाही. म्हणून कोणी तुला टूल विकायला आलं की फक्त व्ह्यूची कॅश साफ करून देतो, तर हात जोडून पाठवून दे.

सर्च फोल्डर, म्हणजे ते 'अनरीड मेल' वगैरे, याचं पण स्वतःचं कंटेंट्स टेबल असतं, प्रकार १६, शिवाय काय शोधायचं त्या अटींची एक वस्तू, आणि नवीन मेल आला की यादी सुधारायला एक रांग. रांगेतलं काम राहून गेलं की सर्च फोल्डर एक म्हणतो आणि इनबॉक्स वेगळं. इथं उपाय सोपा, सर्च फोल्डरच डिलीट करून नवा बनव, मेलना धक्का लागत नाही. पण उलटं नको करू, सर्च फोल्डरच्या आत जाऊन मेल डिलीट केलास तर तो मूळ जागेवरून जातो. म्हापशाला एका हॉटेलवाल्याच्या रिसेप्शनिस्टने 'कॉपीच आहेत ना' म्हणून सगळे उडवले होते, नशीब डिलीटेड आयटम्समध्ये होते.

ओएसटीचं राहिलं. उद्या साहेब मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतील तेव्हा तुला ओएसटी दिसेल, पीएसटी नाही. आतली रचना बरीचशी तशीच, पण ती सर्व्हरच्या मेलबॉक्सची नक्कल. बिघडली तर सरळ बंद करून नाव बदल, नवीन बनते. दोन गोष्टी मात्र आधी बघ. एक्सचेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचं, ३६५ मध्येही तेच) खातं असेल तर आउटबॉक्स रिकामा आहे का आणि सिंक इश्यूजखाली लोकल फेल्युअर्समध्ये काही अडकलंय का, ते अजून सर्व्हरवर गेलेलं नसतं. आणि आयमॅपचं खातं असेल तर आउटलूक २०१३ पासून त्यालाही ओएसटीच, आणि त्यात कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टसमोर कंसात 'फक्त या कॉम्प्युटरवर' असं लिहिलेलं असतं. तेवढी जमीन आहे, उतारा नाही. लोक ओएसटी म्हणजे नुसती कॅश समजून उडवतात, मेल सगळे परत येतात, आणि पाचशे क्लायंटचे फोन नंबर गेलेले असतात. आधी ते पीएसटीत एक्सपोर्ट कर. आणि नवीन ओएसटी भरायला सगळं नेटवरून परत उतरतं, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नको.

आणखी एक, मेल डोळ्यासमोर आहे पण वर सर्च केल्यावर मिळत नाही अशी तक्रार आली तर त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही. तो विंडोज सर्चचा इंडेक्स, विंडोज १० मध्ये विंडोज डॉट ईडीबी नावाची वेगळीच फाइल, कंट्रोल पॅनेलच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समधून रिबिल्ड करायची. स्कॅनपीएसटी चालवून त्याला ढिम्म फरक पडणार नाही.

२८ जीबीबद्दल. लिमिट आउटलूक २०१० पासून ५० जीबी, त्याआधी २० होती, आणि २००३ च्या आधीच्या जुन्या फॉरमॅटची २ जीबी, तेव्हा २ च्या पुढं गेली की फाइल उघडतच नसे, त्या काळात आमचा धंदा बरा चालायचा. तर लिमिटच्या आत आहेस. पण साइझपेक्षा एका फोल्डरात किती मेल ते जास्त महत्त्वाचं, कारण यादी फोल्डरमागे एक असते आणि सॉर्ट तिच्यावर होतो. मायक्रोसॉफ्ट एका फोल्डरात १ लाख म्हणतं, मी विसेक हजारावर गेलं की वर्षवार फोल्डर करायला लावतो. आणि डिलीट करून फाइल लहान होत नाही, आत भोकं पडतात, डेटा फाइलच्या सेटिंग्जमधलं कॉम्पॅक्ट नाऊ चालवायला लागतं, तेही दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच, बिघडलेल्या फाइलवर कॉम्पॅक्ट कधीच नाही.

तेव्हा आज फक्त तीन गोष्टी कळव: पीएसटी लोकल आहे की शेअरवर, स्टेटस बारवर फिल्टर लिहिलंय का, आणि इनबॉक्समध्ये एकूण मेल किती. स्कॅनपीएसटी लावलंस तर लॉगच्या पहिल्या वीसेक ओळी पाठव, क्लायंटची नावं असतील ती खोडून.